पडद्यावर न आलेलं गाव

दादरला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. पुलाच्या पायऱ्या उतरताच झेंडूचा ओला वास आला. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर केशरी-पिवळे ढीग, तुळशीच्या जुड्या, केळीची पानं, आणि त्यावर तांब्याने पाणी शिंपडणाऱ्या बायका. मी पिशव्या खाली ठेवून जरा उभी राहिले, तर एकीने माझ्या बोचक्याकडे बघून विचारलं, "गावाकडून आलात ना? सुरंगी आणलीत का?"

"नाही हो. ओले काजूगर आहेत, सोलं आहेत, कुळथाचं पीठ आहे."

"मग आमच्या काय कामाचं," ती हसली, आणि तरीही शेवंतीचं एक फूल माझ्या हातावर ठेवलं. मुंबईत माझं स्वागत असं झालं.

मी तळकोकणातल्या एका लहान गावची पोस्टमास्तर. शिक्का मारणारी मीच आणि टपाल वाटणारीही मीच. गावाचं नाव मी ह्या लेखात कुठेही लिहिणार नाही; माणसांची नावं आणि जागेच्या खुणाही बदलल्या आहेत. कारण वाचता वाचता कळेल. माझे यजमान वारले त्याला नऊ वर्षं झाली, मुलगी सासरी आहे. त्यामुळे शिमगा आटोपल्यावर चार दिवस रजा टाकून मुंबईला यायला कुणाला विचारावं लागलं नाही.

आले होते ती एका माहितीपटासाठी. दोन वर्षांपूर्वी वरच्या वाडीचं टपाल घेऊन सड्यावरून (सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान) जाताना देवाच्या राईच्या कडेला मला ताजी उकरलेली माती दिसली. शेजारी वारूळ फोडलेलं, आणि मातीत नखांचे खोल ओरखडे. आमच्याकडे जुन्या माणसांना ते ओळखू येतं. खवले मांजर. नावात मांजर असलं तरी मांजराशी त्याचा संबंध नाही. अंगभर सुपारीच्या विरीसारखे (झावळीच्या वाळलेल्या देठासारखे) टणक खवले, तोंडात एकही दात नाही, हातभर चिकट जीभ, आणि आयुष्यभर मुंग्या आणि वाळवी खाण्याचं व्रत. दिवसा बिळात, रात्री बाहेर. माझ्या सासऱ्यांनी सगळ्या आयुष्यात ते दोनदा पाहिलं होतं.

त्याच सुमारास दादरचा ओंकार नावाचा एक चित्रपट करणारा तरुण, पस्तिशीचा, आमच्या भागात असल्या लपून राहणाऱ्या प्राण्यांच्या शोधात हिंडत होता. पोस्टात पत्ता विचारायला आला आणि माझ्या पडवीत राहायलाच आला म्हणा ना. बीळ मी त्याला दाखवलं. मग दोन वर्षं तो येत राहिला. राईत कॅमेरे बांधून ठेवायचा, पहाटे दगडाआड पालथा पडून राहायचा, आणि अंगभर हुमले (लाल मुंग्या) चावून घेऊन माझ्याकडे पेजेला यायचा. आता चित्रपट पुरा होत आला होता. रविवारी गिरगावात पहिला खेळ होता.

"मंदाकाकी, तुम्ही नसाल तर मी लावणारच नाही," असं त्याने फोनवर सांगितलं. चित्रपटात मीही होते. निळं इरकली नेसून, राईजवळच्या मोठ्या दगडावर बसून, जनावराची हकिगत सांगताना त्याने मला टिपलं होतं. शेवटी गावाचं नाव येणार होतं. हे मी गावात किती जणांना सांगितलं होतं विचाराल, तर कुणाला सांगायचं ठेवलं नव्हतं.

दादरहून टॅक्सीने लालबागला आले. तिथे चाळीत माझी नणंद सुलू राहते. तिच्या लांबलचक गॅलरीतून समोर दोन उत्तुंग मनोरे दिसतात. त्यांच्यामुळे आता दहानंतरच ऊन येतं, असं ती म्हणाली. खोलीत पाय ठेवते तोच घावण्यांचा (तांदळाच्या जाळीदार धिरड्यांचा) वास आला.

"वहिनी, आधी खा. मग तुझ्या त्या मांजराचं काय ते सांग."

घावणे आणि काळ्या वाटाण्याचा रस्सा. मुंबईत पहिली न्याहारी गावचीच झाली.

दुपारी परळला जायचं होतं. सुलू म्हणाली, चालत जा, वीस मिनिटांचं काम. तिने सांगितलेली वाट मसाल्याच्या दुकानांच्या गल्लीतून जात होती. दोन्ही बाजूंना लाल मिरच्यांच्या राशी आणि आतून मसाला कुटणाऱ्या डंकांचा धमधम आवाज. दहा पावलांतच मी शिंकायला लागले. पंधरा-वीस शिंका आल्या असतील. एका दुकानदाराने स्टूल बाहेर ठेवलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाला, "नवीन माणूस लगेच समजतं, मावशी." डोळे पुसत पुसत मी परळला पोचले.

ओंकारची जागा एका जुन्या गिरणीच्या आवारात होती. चिमणी तेवढी उभी आहे. बाकी सगळं काचेचं. फाटकावरच्या रखवालदाराने माझा नंबर घेतला आणि म्हणाला, "ओटीपी सांगा." मोबाइलवर आलेले आकडे मी चष्मा लावून वाचेपर्यंत त्यांची मुदत संपली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यालाच माझी दया आली. "जावा मावशी, तुम्ही काय चोरी करणार," म्हणाला.

आत एका खोलीत भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं होतं. मला वाटत होतं, चित्रपटातले आवाज चित्राबरोबरच येतात. तसं नसतं. प्राण्याच्या इतक्या जवळ ध्वनियंत्र नेता येत नाही, म्हणून पुष्कळ आवाज नंतर खोलीत करतात. पडद्यावर आमचं खवले मांजर पाचोळ्यातून चाललं होतं आणि एक गृहस्थ शिंपल्यांची माळ हलवत होते.

"काकी, कसं वाटतंय?" ओंकारने विचारलं.

"ते असं वाजत नाही रे. हे तर बैलाच्या गळ्यातल्या माळेसारखं वाजतंय."

ते गृहस्थ रागावले नाहीत. उलट समोर येऊन बसले. "मग कसं वाजतं? सांगा."

सांगणं कठीण होतं. मी आठवत राहिले. पंगत उठल्यावर सुकलेल्या पत्रावळी ओढून एकत्र करतात, तेव्हा जसा आवाज होतो तसा. ते ऐकून त्यांनी माणूस धाडून आवारातून वडाची आणि बदामाची सुकी पानं आणवली. बदामाची पानं एकमेकांवर घासल्यावर मी एकदम म्हटलं, "हां! हेच!" तासभर मी त्या खोलीत पानं घासत होते. चित्रपटात खवले मांजर चालतं तेव्हा जे ऐकू येतं, ते माझे हात आहेत.

मग संकलन करणाऱ्या झरीनबाईंनी आम्हाला आपल्या खोलीत नेलं. साठीच्या आसपास असतील. केस आखूड, आवाज बारीक, दादरलाच वाढल्यामुळे मराठी अगदी साफ. त्यांनी दिवा मालवला आणि एक दृश्य लावलं.

पहाट नुकती फुटते आहे. सड्यावर धुकं. राईतून खवले मांजराची मादी बाहेर येते, मान खाली, पुढच्या पंजांची नखं आत दुमडून, म्हाताऱ्या माणसासारखी चालत. आणि तिच्या शेपटीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरून, पालथं पडलेलं पिल्लू. मऊ, फिक्या खवल्यांचं. ती हत्तीच्या आकाराच्या काळ्या दगडाला वळसा घालते, मागे डोंगराची करवतीसारखी कड उजळत जाते, देवळाची दीपमाळ दिसते, आणि ती दोघं हळूच बिळात उतरतात.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी ज्या जागेवरून जाते, ती मी पहिल्यांदाच पाहत होते.

"दोन वर्षांत एकदाच मिळाला हा शॉट," ओंकार म्हणाला. "उजेडात, पिल्लासकट. काकी, माझी फिल्म म्हणजे हा शॉट आहे."

गावकऱ्यांना दाखवायला म्हणून मी तेवढा तुकडा मोबाइलवर मागितला. त्याने आनंदाने दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लालबागलाच आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीवर गेले. गिरणीच्या काळात गावातून आलेले पुरुष ह्याच खोलीत पथाऱ्या टाकून राहत. आता मुक्कामाला कोणी नसतं, पण शुक्रवारी आठ-दहा जण जमतात, चहा होतो, गावच्या जत्रेचं ठरतं. मंडळाचे अध्यक्ष दाजी. वय ऐंशीच्या घरात. ऐन तारुण्यात साच्यावर (कापड विणायच्या मागावर) काम केलेला माणूस. संपानंतर वडे तळले, रखवाली केली, पण गावचं मंडळ सोडलं नाही. त्यांनी रविवारसाठी कापडी फलकसुद्धा छापून घेतला होता. त्यावर गावाचं नाव, खाली 'गावच्या कन्या' म्हणून माझा फोटो. मी त्या गावची सून आहे, कन्या नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी मोबाइल पुढे धरला. दृश्य सुरू होऊन दोन क्षण झाले नसतील.

"अगो, ह्यो आपलो सडो!" दाजी ओरडले. "ह्यो हत्तीचो दगड. ह्येच्यार बसान मी काजी भाजलंय. आणि थयसर (तिथे) दीपमाळ!"

"दाजी, चष्मा तरी लावा," कोणीतरी म्हणालं.

"चष्मो कित्याक होयो (कशाला हवा)? गाव आपलो आसा!"

सगळे मोबाइलवर वाकले. राईची कुठली बाजू, पाणंद कुठून जाते, बीळ दगडाच्या उगवतीला की मावळतीला, ह्यावर हौसेने वाद सुरू झाला. कुणी बोटाने दाखवलं, कुणी चूक काढली, आणि पाच मिनिटांत त्या बिळाचा असा चोख पत्ता तयार झाला की परका माणूस अंधारातही पोचला असता. मी पोस्टात आयुष्य काढलेली बाई. पत्ता पुरा झाला की तो कसा दिसतो, हे मला कळतं.

खोलीत एक पाहुणा होता, कुणाच्या तरी ओळखीचा, शेजारच्या तालुक्याचा, तिशीचा. तो एवढा वेळ गप्प होता. आता म्हणाला, "वहिनी, मला पाठवता का हे? दगडापासून किती पावलांवर म्हणालात बीळ?"

तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. कदाचित साधं कुतूहल असेल. पण त्याला पावलांचा आकडा हवा होता. "नेट नाही माझ्याकडे," असं खोटंच सांगून मी मोबाइल पिशवीत टाकला. चहा तसाच राहिला.

त्या खोलीपासून सुलूच्या घरापर्यंत चालताना मला फक्त एक गोष्ट आठवत होती. चार वर्षांपूर्वी पलीकडच्या खोऱ्यात असंच एक बीळ होतं. एका पावसाळ्यात ते रिकामं झालं. बिळाच्या तोंडाशी तारेचा फास आणि दोन खवले पडलेले मीच पाहिले होते. त्यांच्यासाठीच माणसं जनावर नेतात. त्या खवल्यांत औषध असतं म्हणे. असतं ते एवढंच, जे आपल्या नखांत असतं.

"सुलू, मी चूक केली गं," मी जेवताना म्हटलं. पानात तळलेले बोंबील होते. सगळं सांगितलं.

सुलूने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "बीळ तू दाखवलंस ते त्या पोराच्या डोळ्यांतलं बघून. त्यात चूक नाही. पण आता तुला दिसलंय, तर गप्प बसलीस तर ती चूक होईल."

शनिवारी सकाळी मी परत परळला गेले. ओंकार चहा आणवायला निघाला होता, त्याला बसवलं आणि म्हटलं, "तो शॉट काढ रे."

त्याला आधी वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्याचा चेहरा बदलला. "काकी, आपण तालुक्याचंही नाव देत नाही आहोत. फक्त गावाचं नाव शेवटी येतं, ते हवं तर काढू."

"नाव कशाला हवं? दाजींनी चष्मा न लावता ओळखलं. खोलीतल्या आठ माणसांनी पाच मिनिटांत पायवाट सांगितली. उद्या हे हजारो लोक बघतील. त्यात आमच्या भागातली माणसं नसतील?"

"पण लोकांनी बघितलं तरच त्याला वाचवावंसं वाटेल ना! न पाहिलेल्या प्राण्यासाठी कोण काय करतं? सिरियसली, मी दोन वर्षं ह्यासाठीच घासली."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच अवघड होतं. मी म्हटलं, "बिबट्या आला की ते अंग गोळा करतं. मग बिबट्याचा दात लागत नाही, ते वाचतं. माणूस आला तरी ते गोळाच होतं. त्याला दुसरं काही येतच नाही. आणि माणूस काय करतो? उचलतो आणि पोत्यात टाकतो. ओंकार, त्याच्याजवळ लपून राहण्याखेरीज काही नाही. तेवढंही आपण काढून घ्यायचं?"

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली जुनी चिमणी होती. झरीनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मंदाताई, मला हे महिनाभर टोचत होतं. पण शॉट इतका सुंदर होता की मी बोलले नाही. माझीही चूक आहे."

त्यांनी आधी डोंगराची कड पुसून पाहिली. पडद्यावर धुराचा डाग पडल्यासारखं दिसलं. दगड कापला, तर पिल्लूच अर्धं कापलं गेलं. दोन तास असं चाललं होतं. ओंकार खिडकीशीच होता. शेवटी तोच खुर्चीवर येऊन बसला आणि म्हणाला, "काढा."

झरीनबाईंनी ते दृश्य काढलं. एक कळ दाबली, बस्स. एवढ्या मोठ्या गोष्टीला आवाजसुद्धा झाला नाही.

"आता मलाही काढ," मी म्हटलं.

"काकी, नको!"

"मी त्याच दगडावर बसले आहे. आणि मला ओळखणारा प्रत्येक माणूस माझं पोस्ट ओळखतो."

मला वाईट वाटलं नाही, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. आरशासमोर चारदा नेसून पाहिलेलं इरकली, मुलीला केलेला फोन, गावातल्या बायकांनी दिलेल्या ऑर्डरी की 'पडद्यावरचा तुझा फोटो काढून आण'. पन्नाशी उलटल्यावर एवढं कौतुक वाट्याला येतं तरी केव्हा? पण झरीनबाईंनी माझी ती चित्रं एकेक करून बाजूला काढली, आणि मी शेवटपर्यंत बघत बसले. माझा आवाज मात्र त्यांनी ठेवला. "आवाजाला पत्ता नसतो," त्या म्हणाल्या. पिल्लाचं एक छोटं दृश्यही त्यांनी कुठून तरी शोधून काढलं. राईत बांधलेल्या कॅमेऱ्यातलं, काळं-पांढरं, जेमतेम पाच सेकंदांचं. त्यात फक्त पाचोळा, शेपटी आणि तिला धरलेले दोन इवले पंजे. जगात कुठलंही रान असू शकेल असं.

निघताना ओंकार फाटकापर्यंत आला. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला आणि परत गेला. तो रागावला होता की नाही, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्याहून अवघड काम पुढे होतं. दाजींना सांगायचं होतं.

ते खोलीत एकटेच होते. फलकाच्या कडेला दोरी ओवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोरी ठेवली.

"साठ वर्सां झाली माका मुंबैत येवन," ते म्हणाले. "कोणय इचारता, गाव खंयचो? मी नाव सांगतंय. समोरचो म्हणता, ह्या खंय इला? (हे कुठे आलं?) साठ वर्सां ह्याच! एकदा तरी आपला नाव पडद्यार येतला म्हणान मी सगळ्यांक सांगान बसलंय. आणि तू म्हणतंस, काढून टाकलंय?"

"हो दाजी."

"एका जनावरासाठी?"

"आणि त्याच्या पिल्लासाठी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "जा तू," एवढंच म्हणाले. मी चपला घातल्या आणि उतरले. 

रविवारी सकाळी सुलू मला मुद्दाम लवकर गिरगावात घेऊन गेली, मन रमावं म्हणून. अरुंद गल्ल्या, लाकडी कठड्यांची जुनी घरं, एका दारात रांगोळी आणि शेजारच्या दारात इमारत पाडणार असल्याची नोटीस. एका छोट्या खानावळीत आम्ही थालीपीठ आणि लोण्याचा गोळा खाल्ला, वर पीयूष (केशर-जायफळ घातलेलं गोड ताक) प्यालो. वाढणाऱ्या काकांनी सुलूला विचारलं, "पाहुण्या कुठल्या?" सुलू पटकन म्हणाली, "कोकणातल्या." मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तीन दिवसांत मी पहिल्यांदा हसले. चौपाटीवर जाऊन थोडा वेळ वाळूत बसलो. मुंबईचा समुद्र आमच्या समुद्रासारखाच आहे, फक्त त्याला इमारती बघाव्या लागतात.

खेळ दुपारी चारचा होता. जुनं सभागृह, लाकडी खुर्च्या, दीडशे माणसं असतील. पांढऱ्या केसांची गिरगावकर मंडळी, कॉलेजातल्या मुली, कॅमेरे गळ्यात अडकवलेले लोक. मंडळाचं कुणी दिसलं नाही. दिवे मंदावत असताना दार उघडलं आणि दाजी आले. इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात काही नाही. फलक आणला नव्हता. मागून सात-आठ जण आले आणि न बोलता वेगवेगळ्या रांगांत बसले. दाजी आमच्या पुढच्या रांगेत बसले. मागे वळून पाहिलं नाही.

चित्रपट सुरू झाला. सभागृहभर सुक्या बदामाच्या पानांचा आवाज पसरला. मग माझा आवाज आला: "ह्याला दात नाहीत. हे कुणाला चावत नाही. ह्याला फक्त मुंग्या हव्यात आणि शांतता हवी." बाहेरून ऐकताना तो मला माझ्या आईचा वाटला. जीभ वारुळात शिरते तेव्हा मुली 'ईऽ' म्हणाल्या आणि हसल्या. पिल्लाची ती पाच सेकंदं आली तेव्हा मात्र त्याच मुली पुढे सरकून बसल्या. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरला आणि मग ओशाळून सोडला. तो मोठा शॉट नसल्याचं तिथे आम्हा मोजक्या माणसांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मला मात्र तो जिथे यायचा तिथे पोकळी जाणवली. ओंकार बाजूच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने त्याच क्षणी डोळे मिटलेले मी पाहिले.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. प्रश्न सुरू झाले आणि कुणीतरी विचारलंच, "हे नेमकं कुठलं गाव?"

ओंकार म्हणाला, "ते सांगणार नाही. त्या आईने मला तेवढं जवळ येऊ दिलं, हेच पुष्कळ आहे."

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचं समाधान झालं नाही. ते दाजींच्या शेजारीच बसले होते. त्यांनी टोपीकडे आणि चेहऱ्याकडे पाहून अदबीने विचारलं, "आजोबा, आपण कोकणातले वाटता. ती माती, ती झाडं ओळखीची वाटतात का हो? कुठलं असेल?"

मी पुढे वाकले. सुलूही.

दाजींनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. "काय की बाबा," ते म्हणाले. "कोकण काय लहान आसा? आमच्या गावाक तर असला जनावर आमी कधी बघूक नाय."

त्यांचा आवाज एवढा सरळ होता की त्या गृहस्थांनी मान डोलावली आणि विषय सोडला. मंडळाच्या सात-आठ जणांपैकी एकानेही मान वर केली नाही.

बाहेर आल्यावर दाजी माझ्यासमोर थांबले. रागाचं काही शिल्लक होतं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. "प्वार (पिल्लू) बरा आसा मा?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे, दाजी. आता स्वतःचं स्वतः चालतं."

"चलूंदे," म्हणाले, आणि बसच्या थांब्याकडे गेले.

सोमवारी सुलूने चिवडा, मसाला आणि मुलीसाठी साडी असं बांधून दिलं आणि मी परतीच्या गाडीत बसले. ओंकारचा निरोप आला होता: 'काकी, नीट पोचा. थोडे दिवस लागतील मला.' मी उत्तर लिहिलं: 'लागू देत.'

गावात पोचले तेव्हा पोस्टासमोर बायका उभ्याच होत्या. "दिसलंस काय गो? गाव दिसलो?" मी खरं ते सांगितलं. कुणी हळहळल्या, एक-दोघींना ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नसावं. देवळाच्या गुरवांनी तेवढं म्हटलं की राईतलं राईत राहिलं, बरं झालं.

त्याला महिना होत आला. मी पूर्वी समजत होते की एखाद्या मुक्या जिवावर माया असली म्हणजे तो सगळ्यांना दाखवावा, त्याचं नाव व्हावं. माणसांच्या बाबतीत ते खरं असेलही. पण एवढ्या मोठ्या, एवढ्या उजेडाच्या शहरात मी चार दिवस राहून आले आणि मला उलटंच समजलं: काही जिवांची काळजी घ्यायची म्हणजे त्यांच्याविषयी विचारलं असता माहीत नाही म्हणायचं. दाजींना ते माझ्याआधी, भर सभेत, एका क्षणात जमलं. त्यांना त्यासाठी काय द्यावं लागलं, ते मला ठाऊक आहे.

बीळ अजून नांदतं आहे की नाही, ते मी पाहिलेलं नाही. रोज एकाच माणसाची पावलं पडली तरी पायवाट होते. म्हणून वरच्या वाडीचं टपाल घेऊन मी हल्ली खालच्या रस्त्याने जाते. अर्धा तास जास्त लागतो. वाडीतली माणसं विचारतात, "आज उशीर?" मी म्हणते, "हो, ऊन फार आहे."